डग्गा जिवंत, बुवा आजारी: मंगळवार पेठेतल्या एका स्पीकर जोडीचं प्रकरण

"जावईबापू, डग्गा जिवंत हाय, पण बुवा आजारी पडल्यागत गातोय."

मामांची तक्रार एवढीच. पुढे चार महिने माइक, लॅपटॉप, आलेख असं बरंच काही झालं, पण रोगाचं वर्णन ह्याहून नेमकं कुणाला जमलं नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

मामा म्हणजे बायकोचे मामा. वय ६८. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर, म्हणजे साच्यासाठी लाकडी नमुने करणारे, म्हणून त्यांनी ४२ वर्षं काढली. बीडाचा रस साच्यात थंड होताना आकसतो, मीटरमागे साधारण १० मिलिमीटर. त्यामुळे लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी ह्या मंडळींकडे मुळातच ताणून आखलेली वेगळी पट्टी असते. मामांच्या खिशात ती अजून असते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी अर्धा मिलिमीटर चुकला की त्यांची झोप उडते.

गाण्याचं वेड घरातलंच. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, त्यामुळे ह्या गावात जयपूर घराण्याचे कानसेन पेठापेठांत भेटतात; मामा त्यांतलेच. मल्लिकार्जुन मन्सूर लागले की चहासुद्धा थंड होऊ देतात. दोन वर्षांपूर्वी पुण्यात एका शोरूममध्ये त्यांनी साडेतीन लाखांची स्पीकरची जोडी ऐकली. ऐकून झाल्यावर बोटाच्या पेरांनी पेटी वाजवून पाहिली, मागं वाकून सांधे बघितले आणि सेल्समनला म्हणाले, "पेटी बरी हाय. पण साडेतीन लाखाची न्हाई." परत येताना कराडच्या पुढं गाडीत जाहीर करून टाकलं की असली जोडी आपण घरी करणार.

पेटी

केली. आणि लाकूडकाम म्हणाल तर शोरूमवाल्याने येऊन शिकून जावं. टिंबर मार्केटातून १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय आणलं. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) नको म्हणाले, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याची कड एकदा फुगली की संपलं. बाहेरून २२ सेंटिमीटर रुंद, ५० उंच, ३४ खोल. आत दोन आडवे आधार, तेही मधोमध न ठेवता जरा वरखाली, म्हणजे पत्र्यासारखी कुठलीच बाजू एका सुरात वाजू नये. वरून सागवानी व्हिनिअर, आणि डाव्या-उजव्या पेटीवरच्या रेषा आरशात बघितल्यासारख्या एकमेकींना जुळवलेल्या. वूफरचं, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचं, भोक राउटरने कापून त्याच्या कडेला फ्रेम बसेल एवढी पायरी काढली होती. वूफर ठेवला की नख अडकत नव्हतं. मी आत टॉर्च ठेवून खोलीतला दिवा घालवला. सांध्यातून उजेडाची एक रेघ बाहेर आली नाही.

वूफर साडेसहा इंची कागदी कोनाचे, वरचे सूर वाजवणारे ट्वीटर एक इंची रेशमी घुमटाचे, दोन्ही बाहेरून मागवलेले. जोडीवरचा निम्म्याहून जास्त खर्च तिथंच. पेटीचं ड्रॉइंग एका मित्राने दिलेली जुनी झेरॉक्स: २४ लिटर, समोर पाइप. क्रॉसओव्हर मात्र बाजारात मिळते ती रेडीमेड प्लेट. वूफर-ट्वीटरमध्ये सूर वाटून देणारी ही प्लेट म्हणजे खरं तर अख्ख्या स्पीकरचा मेंदू, पण ती पेटीच्या आत जाते, दिसत नाही. लाकडावर तीन महिने आणि क्रॉसओव्हरवर एक दुपार, असं गणित होतं. घरी स्पीकर करणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं, माझ्या पहिल्या जोडीचंही होतं.

गुढीपाडव्याला जोडी सुरू झाली. पहिला आठवडा सगळे खूश. डग्ग्यावरची घिस्सा पोटात जाणवत होती, पाव्हणे येऊन "नाद खुळा" म्हणून जात होते. पंधरा दिवसांनी मामा बैठकीत कमी आणि अंगणात जास्त बसायला लागले. मामींनी फोन केला.

मी जायच्या आधीचे उपचार

हे लिहून ठेवायला हवेत, कारण निम्मा गुंता त्यांनीच वाढवला होता.

आवाज पातळ वाटतो म्हणून मामांनी अँप्लिफायरचं बासचं बटण फिरवत फिरवत घड्याळात तीन वाजतात तिथवर नेलं होतं. त्याने दणका वाढला, गळा होता तिथंच राहिला. मग कुणीतरी म्हणालं वायर बदला, बदलली. कुणी म्हणालं ट्वीटरला परदेशी कपॅसिटर लावल्याशिवाय हाय-एंड होत नाही. सहा हजार गेले. तिसऱ्याने भिंतीला अंड्याचे ट्रे लावायला सांगितलं. मी गेलो तेव्हा बैठकीच्या एका भिंतीवर ते ट्रे होते आणि मामी त्या भिंतीकडे पाठ करून बसत होत्या.

ह्या सगळ्यात एक मोठी अडचण आहे. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या की फरक कशाने पडला ते कळत नाही, आणि नाही पडला तरी कशाने नाही तेही कळत नाही. कान "बिघडलंय" हे बिनचूक सांगतो. कुठं बिघडलंय, ते सांगायला त्याला मोठी मदत लागते. मी आधी बासचं बटण मधोमध आणलं आणि मामांना म्हटलं, आता मी सांगेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

"लाकडात खोट असंल तर सांगा. कापून टाकतो."

"लाकडात नाही, मामा."

"मग ऱ्हायलं काय?"

टॉवेल

पहिलं उपकरण होतं अंगोछ्याएवढा जुना टॉवेल. तो गुंडाळून दोन्ही पाइपांच्या तोंडात गच्च कोंबला आणि तीच रेकॉर्ड परत लावली. पाइप बंद केला की स्पीकर बंद पेटीचा होतो. ह्यात दणका गेला तर दोष पाइपाकडं, नाही गेला तर खोलीकडं.

झालं असं की दणका बराच कमी झाला, पण गेला नाही. म्हणजे दोघेही सामील.

खोलीचं गणित कागदावरच होतं. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनी येजा करतो आणि एका ठरावीक कंपनसंख्येला त्याची लाट उभी राहते. ती काढायला ध्वनीचा वेग, सेकंदाला ३४३ मीटर, भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचा. मामांची बैठक १२ फूट बाय १० फूट. बारा फुटांना ४७ हर्ट्झ येतात, दहा फुटांना ५६. मग वर बघितलं. स्लॅब किती उंच? मामांनी पट्टी न काढताच सांगितलं, १० फूट. म्हणजे रुंदीचा ठोका ५६ आणि उंचीचाही ५६. दोन लाटा एकाच जागी बसलेल्या. शिवाय लांबी-रुंदी मिळून आणि लांबी-उंची मिळून होणारी आणखी एक जोडी ७३ हर्ट्झच्या आसपास. पेटीच्या काळी एकला षड्ज लावला तर तानपुऱ्याचा खरज, म्हणजे सगळ्यात खालची तार, ६९ हर्ट्झला पडतो, तिथून चार पावलांवर. तानपुरा विहिरीतून आल्यासारखा का वाटतो, ते एवढ्यातच कळलं.

आणि मामांची आरामखुर्ची कुठं? कोपऱ्यात, खिडकीशी. कोपऱ्यात ह्या सगळ्या लाटांचा जोर सर्वांत जास्त असतो. ट्रेचं काय, तर ५६ हर्ट्झच्या लाटेची लांबी सहा मीटरच्या वर जाते. दीड-दोन इंच पुठ्ठा तिच्या खिजगणतीत नाही. ट्रे त्याच दिवशी उतरले आणि त्या एका निर्णयावर मामींचा माझ्यावर जो विश्वास बसला, तो शेवटपर्यंत उपयोगी पडला.

व्हेंटचा हिशेब

आता पाइप. पेटी किती लिटरची आणि पाइप किती लांबीचा, हे पूर्वी बरंचसं अंदाजपंचे चालायचं. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्या पाठोपाठ सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते गणितात बसवलं. वूफरसोबत आज जो तक्ता येतो त्यातले आकडे त्या दोघांच्याच नावाने ओळखले जातात. मामांच्या वूफरचा स्वतःचा ठोका ३६ हर्ट्झ, क्यूटीएस (कोनाचं हलणं किती लवकर आवरतं त्याचा आकडा) ०.३६, व्हीएएस (कोनाच्या स्प्रिंगइतकी लवचीक हवा) ३४ लिटर. असल्या वूफरला साधारण २४ लिटरची पेटी आणि ३८ हर्ट्झला लावलेला पाइप शोभतो. झेरॉक्समधली पेटी २४ लिटरचीच होती, त्यामुळे निवड नशिबाने चांगली जमली होती.

पाइप खरंच कितीला लागलाय हे बघायला माइकही लागत नाही. लॅपटॉप, साउंड कार्ड, एक १०० ओमचा रेझिस्टर आणि चार चिमटे घेऊन वूफरचा इम्पीडन्स, म्हणजे सुरागणिक बदलणारा विजेचा अडथळा, काढायचा. आरईडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर ते करून देतं. पाइपाच्या पेटीचा आलेख दोन डोंगरांसारखा येतो आणि मधली खिंड जिथं, तिथं पाइप लागलेला असतो. आमची खिंड ३८ ला यायला हवी होती. आली ५३ ला. दुसऱ्या पेटीतही ५३.

इथं मी दोन दिवस वाया घालवले. झेरॉक्समध्ये पाइप १२ सेंटिमीटर लांब लिहिलेला; मी पट्टी घालून मोजला, बरोबर १२. मग पेटी लहान झाली असणार म्हणून मामांच्या वहीतून आतली मापं घेऊन पुन्हा गुणाकार केला, आधार, वूफर सगळं वजा केलं, २४ लिटर. गळती म्हणावी तर टॉर्चचा उजेडही बाहेर येत नव्हता. तिसऱ्या दिवशी चहा पिताना मामा सहज बोलून गेले, "पाइप मात्र मी तीन इंची घातलाय. त्यात दोन इंचीच दावलेला."

लांबी मोजताना व्यास मोजायचं मला सुचलं नव्हतं.

"मोठा का घातला?"

"आवो, व्हेंट म्हटल्यावर मोठा नको व्हय?"

त्यांचं बरोबरच होतं, फक्त धंदा वेगळा. साच्यात रस ओतताना आतली हवा आणि वायू निघून जायला व्हेंट ठेवतात. तो अरुंद पडला की वायू कोंडतो, कास्टिंगमध्ये ब्लो होल पडतं आणि माल रिजेक्ट. ४२ वर्षं ज्याने मोठ्या व्हेंटने कास्टिंगं वाचवली, त्याला स्पीकरच्या पेटीतलं भोकही व्हेंटच वाटणार. पण स्पीकरचा पाइप हवा घालवायला नसतो. पाइपातली हवा हे एक वजन आणि पेटीतली हवा ही त्याखालची स्प्रिंग, असं ते लोलकासारखं हलतं. मी सोड्याची रिकामी बाटली आणून तिच्या तोंडावर फुंकर मारली. मग तीत थोडं पाणी घालून परत मारली, सूर चढला. बाटली तीच ठेवून तोंड रुंद केलं तरीही चढतो.

मामांनी बाटली हातात घेऊन स्वतः दोनदा फुंकली.

"म्हंजे ह्यो व्हेंट न्हाई. ही शिट्टी हाय."

आकडे असे. २४ लिटरला ५ सेंटिमीटर व्यासाचा, १२ लांबीचा पाइप साधारण ४० हर्ट्झला लागतो, म्हणजे झेरॉक्स शहाणी होती. ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आतून साधारण ७ सेंटिमीटर भरतो. तोंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट. लांबी तीच ठेवली की सूर ५३ वर जातो. त्याने ५५ ते ६५ हर्ट्झच्या दरम्यान सुमारे ५ डीबीची (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) टेकडी उभी राहते, आणि टेकडीखाली सरळ कडा. खोलीचे दोन ठोके कुठं, तर ५६ ला. टेकडी नेमकी त्यांच्या डोक्यावर, वर बासचं बटण तीन वाजता, आणि ऐकणारा कोपऱ्यात. डग्गा जिवंत असणारच.

पुन्हा दोन इंची पाइप घालणं सोपं होतं. पण मोठ्या आवाजाला अरुंद पाइपातून हवा फुसफुसते, आणि मामा म्हणाले केलेलं भोक बुजवलेलं आयुष्यभर दिसत राहील. तीन इंचीच ठेवायचा तर लांबी २८ सेंटिमीटरच्या आसपास लागते. पेटी आतून ३० खोल, पाइपाच्या मागच्या तोंडाला मोकळी जागा हवी, म्हणून प्लंबरचा एल्बो घालून तो आत वर वळवला. सुरुवातीला मुद्दाम ३२ ठेवला. पाइप कापून लहान करता येतो, मोठा करता येत नाही. पॅटर्न मेकरला हे सांगावं लागलं नाही. खिंड ३६ च्या जरा वर आली. तीन सेंटिमीटर कापल्यावर ३८ ला बसली. दुसऱ्या पेटीला थेट २९.

गच्चीवरची रात्र

हे झाल्यावर दणका गेला आणि बुवांचं आजारपण उलट जास्त दिसायला लागलं. आजवर दणक्याखाली झाकलेलं होतं ते.

आता माइक लागणार होता, आणि खोलीत मोजून उपयोग नव्हता. स्पीकरमधून निघालेला आवाज माइकला पोचतो आणि मागोमाग जमीन, छत, भिंती ह्यांचे पडसाद येतात. सॉफ्टवेअरमध्ये पडसाद यायच्या आत कात्री मारता येते, पण दहा फुटी खोलीत कात्री साडेतीन मिलिसेकंदांतच मारावी लागते. तेवढ्या तुकड्यात ३०० हर्ट्झच्या खालचं काही धड दिसत नाही, आणि मला शंका नेमकी तिथली होती. गच्चीवर स्पीकर दोन मीटर उंच ठेवला, माइक तेवढ्याच उंचीवर एक मीटर दूर, तर जमिनीचा पडसाद नऊ मिलिसेकंदांनी येतो. त्यात ११० हर्ट्झपर्यंतचं चित्र मिळतं. त्याखालचं वूफरच्या आणि पाइपाच्या तोंडाशी माइक धरून मोजायचं आणि दोन्ही जोडायचे. ही रीत डॉन कील यांनी १९७४ मध्ये घालून दिली आणि घरी स्पीकर करणाऱ्यांवर मोठेच उपकार केले.

मृग लागायच्या दोन दिवस आधीची रात्र. वारा पडलेला, रंगाऱ्याचा घोडा गच्चीवर, त्यावर पाट, पाटावर पेटी. साडेअकराला सुरुवात केली. मोजणीचा आवाज म्हणजे खालपासून वरपर्यंत चढत जाणारी एक हूक असते. दर वेळी ती वाजली की गल्लीतली कुत्री उत्तर द्यायची आणि ती मोजणी बाद. शेजारच्या काकूंनी खालून विचारलं, "काय उतरवताय का काय वर?" मामांनी कठड्यावरून सांगितलं, "बुवांचं दुखणं उतरवतोय."

आलेखात दोन गोष्टी ठळक दिसल्या. एक, २५० पासून ९०० हर्ट्झपर्यंत आवाज जवळपास ५ डीबीने चढत गेलेला. दुसरी, २ ते ३ किलोहर्ट्झच्या मध्ये तीनेक डीबीचा फुगवटा.

पहिलीचं कारण पेटीची रुंदी. वरच्या सुरांच्या लाटा आखूड, त्यांना समोरची फळी भिंतीसारखी वाटते आणि सगळा आवाज पुढं येतो. खालच्या सुरांच्या लाटा लांब, त्या पेटीला वळसा घालून मागंही जातात. समोर उरतो तो निम्मा. ही वळणाची जागा फळीच्या रुंदीवर ठरते: ११५ ला मीटरमधल्या रुंदीने भागायचं. २२ सेंटिमीटरला सुमारे ५२० हर्ट्झ. पुरुषी गळ्याचा भरणा, छातीतला भाग, सगळा त्याच्या खाली. मोकळ्या जागेत हा फरक ६ डीबीपर्यंत जातो. बासचं बटण कितीही फिरवलं तरी ते मुख्यतः १०० हर्ट्झच्या आसपास आणि खाली काम करतं, ३०० च्या वर त्याचा हात फारसा पोचत नाही. मामा औषध पोटाला देत होते आणि दुखणं छातीत होतं.

दुसरीचं कारण ती रेडीमेड प्लेट. त्यावर ८ ओम, ३ किलोहर्ट्झ असं छापलेलं. ०.६ मिलीहेन्रीची कॉइल, ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पुस्तकातल्या सूत्राने अगदी बरोबर. पण सूत्र असं धरतं की वूफर म्हणजे सदोदित ८ ओमचा रेझिस्टर. मामांचा वूफर ३ किलोहर्ट्झला १४ ओम दाखवत होता, कारण त्याची स्वतःची कॉइलही तिथं आडवी येते. त्यामुळे प्लेट त्याला जिथं थांबवायला हवं तिथं थांबवतच नव्हती. ह्यात प्लेट करणाऱ्याची लबाडी नाही. त्याच्यापुढं वूफरच नव्हता, तो करणार काय? परदेशी कपॅसिटर लावणं म्हणजे चुकलेल्या हिशेबाची वही चांगल्या कागदावर उतरवणं होतं.

क्रॉसओव्हर नव्याने केला. गच्चीवरचे आलेख आणि इम्पीडन्स व्हिट्युइक्सकॅड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून आठवडाभर खेळलो. वूफरची कॉइल ०.६ ची १.८ मिलीहेन्री झाली. मोठी कॉइल गळ्याच्या वरचा भाग हळूहळू उतरवते, म्हणजे खालचा आपोआप वर येतो. कपॅसिटर १० मायक्रोफॅरड. हे फुकट होत नाही. वूफर ८७ डीबीचा (ठरावीक विजेवर निघणारा आवाज) होता, तो आता ८३ च्या आसपास वागतो आणि अँप्लिफायरला जास्त जोर लावावा लागतो. वूफर उतरला म्हणून ट्वीटरही ६ डीबी खाली आणावा लागला: ३.९ ओम ओळीत आणि ८.२ ओम समांतर, दोन्ही दहा वॉटचे साधे सिमेंटचे रेझिस्टर. ट्वीटरच्या वाटेत ४.७ चा कपॅसिटर लागत होता. सहा हजारवाले तेवढ्याचेच होते. ते तिथं लागले आणि घरातला एक विषय मिटला.

१.८ ची कॉइल ह्या गावात तयार मिळणं कठीण. मामांनी लेथवर लाकडी फिरकी वळली आणि मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून एक मिलिमीटरची तांब्याची इनॅमल तार आणली. सुपारीच्या आकाराच्या गाठीसुद्धा एका रेषेत बसवणारा माणूस; तारेचे वेढे असे शेजारी शेजारी पडले की कॉइल विकतची वाटावी. मुद्दाम जास्त वेढे घेतले आणि मग मीटर लावून एकेक सोडत आलो. वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत आकडा बदलतो, म्हणून शेवटी एका वेढ्याचाही फरक पडतो. १.८३ ला मी थांबा म्हणालो. मामांनी आणखी दोन सोडले, १.८० आणलं, मग डिंक लावला.

वूफर आणि ट्वीटर जिथं एकमेकांच्या हाती सूर देतात तिथं, लिंकविट्झ आणि रायली यांच्या १९७६ च्या पद्धतीत, दोघंही ६ डीबी खाली असतात आणि एकाच दिशेने ढकलतात. ते साधलंय का हे बघायची युक्ती उलटी आहे. ट्वीटरच्या तारा मुद्दाम उलट जोडायच्या. दोघं खरोखर बरोबरीने चालत असतील तर आता एकमेकांना खोडतील आणि आलेखात त्या जागी खोल खड्डा पडेल. २.२ किलोहर्ट्झला पंचवीस डीबीचा खड्डा पडला. मामांना तो बघून वाईट वाटलं, मला आनंद झाला, आणि हे समजावण्यात पंधरा मिनिटं गेली. तारा सुलट केल्या, खड्डा भरून आला.

खुर्ची

खोलीतलं काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड. स्पीकर कोपऱ्यांतून काढून भिंतीपासून दोन फूट पुढं आणले. खुर्ची कोपऱ्यातून हलवून रुंदीच्या बरोबर मधे आणायची होती, कारण रुंदीच्या ५६ चा जोर तिथं शून्य होतो. उंचीचा ५६ थोडा राहतोच. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून मीटरभर, तिथं तो निम्म्यावर येतो. मागच्या भिंतीपासूनही खुर्ची तीन फूट सोडली.

मामांना खिडकी सोडवेना. पेपर वाचायला उजेड तिथंच. मामींना खोलीच्या मधोमध खुर्ची म्हणजे "न्हाव्याचं दुकान" वाटत होतं. तोड मामांनीच काढली: खुर्ची सकाळी खिडकीशी, संध्याकाळी गाण्याच्या जागी, आणि शहाबादी फरशीवर चार पायांच्या जागी ऑइलपेंटचे चार बारीक ठिपके. ते ठिपके त्यांनी ताणलेल्या पट्टीने आखले की साध्या, हे मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मन्सूर लावले. पहिल्या आलापात मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या आवर्तनात तबला आला तेव्हा मान हलली. मी विचारलं, कसं आहे? म्हणाले, "बुवा बरा झाला. पण डग्गा जरा नरमलाय." पंधरा दिवसांनी ही तक्रार बंद झाली, जास्तीच्या टेकडीची कानाला सवय लागली होती, ती उतरायला तेवढे दिवस लागले. ७३ हर्ट्झची कुरकुर मात्र अजून आहे. काळी एकच्या आसपास लावलेला तानपुरा असला की खरज जरा फुगतो. त्यावर उपाय म्हणजे जाड, भिंतभर खोल शोषक, आणि तो प्रस्ताव मामींपुढं ठेवायची माझी हिंमत नाही.

दसऱ्याला गेलो तेव्हा हौस म्हणून पुन्हा माइक लावला. डावा-उजवा दोन्हींत ३ किलोहर्ट्झच्या वर सगळीकडे सारखा पाऊण डीबी जास्त. आधी माइकवर संशय घेतला, मग साउंड कार्डवर. शेवटी वूफर काढून आत बघितलं. ३.९ च्या जागी ३.३ ओमचा रेझिस्टर होता, डाग इतका स्वच्छ की माझ्या हातचा नव्हताच.

"मामा, हे कधी केलंत?"

"गणपतीत. जरा दबल्यागत वाटत होतं वरचं."

४२ वर्षं बँडसॉच्या शेजारी काढलेल्या कानांना वरचं दबल्यागत वाटणारच. मी वूफर परत बसवला, आठही स्क्रू आवळले, आणि माझ्या वहीत ३.९ खोडून ३.३ लिहिलं.